रॅम किती घ्यायची? आधी गर्दीचा तास मोजा



दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना काय काय बघायचं, हा आपला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात रॅमचा विषय मी दोन-तीन मिनिटांत उरकला होता. नंतर माझ्याच लक्षात आलं, की नवीन धंदा सुरू करणाऱ्याचे पैसे नेमके इथे चुकतात. कोणी गरज नसताना ३२ जीबी घेऊन ठेवतो. कोणी ४ जीबीवर भागवायला जातो आणि मग रोज गिऱ्हाईक समोर बसवून स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत बसतो. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. कागद-पेन जवळ ठेवा, पुढे हिशेब करायचा आहे.

आधी माझीच फजिती

२०१९ मध्ये मी पनवेलमध्ये दुकान सुरू केलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड. बीबीए झालेलं होतं, ब्रेक-इव्हन, कॅश फ्लो सगळं तोंडपाठ. पण कॉम्प्युटर घ्यायला गेले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "दादा, चांगला कोणता?"

दादा म्हणाला, "मॅडम, हा आय फाइव्ह घ्या. पाच वर्षं बघायला नको."

मी घेतला. रॅम होती ४ जीबी. हार्ड डिस्क एक टीबीची होती, म्हणून मला वाटलं मेमरी भरपूर आहे.

लग्नसराईत एक काका मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. आमंत्रकांची नावं, कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, मामाकडचे कुठे बसवायचे, असं करत तासभर दुरुस्त्या चालल्या. मध्येच एक मुलगा फॉर्मचं विचारायला आला. मी क्रोममध्ये आणखी चार टॅब उघडले, त्याचे दाखले स्कॅन केले, बिल काढलं. आणि पत्रिकेचा स्क्रीन पांढरा पडला. 'नॉट रिस्पॉन्डिंग'. तासाभराचं काम गेलं, कारण मी मधे सेव्ह केलेलं नव्हतं. ती चूक माझीच. काका काही बोलले नाहीत. "ताई, उद्या येतो," म्हणाले, आणि परत आले ते ॲडव्हान्स मागायलाच. ४०० पत्रिकांची ऑर्डर गेली.

शेजारच्या दुकानातल्या मुलाने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. मेमरी ९७ टक्के भरलेली आणि प्रोसेसर निवांत, १५-२० टक्क्यांवर. म्हणजे मी ज्याचे जास्त पैसे मोजले तो बसून होता आणि जिथे पैसे वाचवले तिथे गाडी अडली होती. तीन हजारांच्या आतली ८ जीबीची एक पट्टी टाकली आणि तोच कॉम्प्युटर पुढची काही वर्षं सुरळीत चालला.

हे आधी समजलं असतं तर? तेच आता समजून घेऊ.

साडीच्या दुकानातली गादी

साडीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. भिंतीला कपाटं, त्यात हजारो साड्या. खाली पांढरी गादी, तिच्यावर साड्या पसरून दाखवतात. आणि एक दाखवणारा माणूस.

कपाट म्हणजे तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. माल तिथे कायमचा राहतो. गादी म्हणजे रॅम. आत्ता जे काम चालू आहे ते तिथे उघडून ठेवलेलं असतं. दाखवणारा माणूस म्हणजे प्रोसेसर.

आता गादी छोटी असेल तर काय होतं? चार साड्या पसरल्या की जागा संपली. पाचवी दाखवायची तर आधीची एक घडी करून बाजूला ठेवा. गिऱ्हाईक म्हणालं, "ती मघाची परत दाखवा", की पुन्हा उठा. माणूस कितीही चपळ असला तरी त्याचा अर्धा वेळ घड्या घालण्यात जातो. माझा आय फाइव्ह हेच करत होता.

कॉम्प्युटरमध्ये या प्रकाराला स्वॅपिंग म्हणतात. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवरच्या 'पेज फाइल' नावाच्या फाइलमध्ये सरकवतं आणि लागला की परत आणतं. डिस्क रॅमच्या मानाने फारच हळू. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर अक्षरशः हात जोडून बसावं लागतं. एसएसडी असेल तर त्रास कमी होतो, पण संपत नाही.

आणखी एक गोष्ट. रात्री दुकान बंद करताना गादी रिकामी होते. तसंच लाइट गेली की रॅममधलं सगळं जातं. जे कपाटात ठेवलं, म्हणजे सेव्ह केलं, तेवढंच उरतं. काकांची पत्रिका गादीवरच होती.

म्हणून दुकानदार नुसता "मेमरी ५१२ जीबी" म्हणाला तर लगेच विचारा, "ही स्टोरेज झाली. रॅम किती?" मोबाइलमध्ये तर आणखी गंमत असते. जाहिरातीत १६ जीबी रॅम लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात '८ + ८'. त्यातली दुसरी ८ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरलेला. कपाटाच्या फळीला गादी म्हटलं म्हणून ती गादी होत नाही.

१० केबीमध्ये चाललेला कॉम्प्युटर

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात तयार झालेला 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आणि मेमरी? ४० बिटचे २,०४८ शब्द. गुणाकार करा. ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. एकूण १० केबी! तुमच्या ८ जीबीच्या साध्या लॅपटॉपमध्ये याच्या आठ लाखांहून जास्त पट मेमरी आहे.

त्या १० केबीमध्ये शास्त्रज्ञांची गणितं चालायची. जागा एवढीशी असल्यामुळे आपल्या गणिताला किती शब्द लागतील हे आधी मोजल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. आपल्याकडे जागा वाढली आणि मोजायची सवय गेली. आजचा सगळा लेख एवढ्यासाठीच आहे: आधी मोजा, मग घ्या.

'मिनिमम' या शब्दाचा अर्थ

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनी आपल्या साइटवर 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' देते. काही आकडे बघा.

विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम.
टॅलीप्राइमसाठी ४ जीबी किंवा जास्त, आणि विंडोज ६४-बिटचंच पाहिजे.
फोटोशॉपसाठी कमीत कमी ८ जीबी, शिफारस १६ जीबीची.
ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी कमीत कमी ८ जीबी, शिफारस ३२ जीबीची.
प्रीमियर प्रोमध्ये फोर-के व्हिडिओ एडिट करायचा तर ३२ जीबीची शिफारस.

इथे दोन चुका होतात.

पहिली चूक म्हणजे 'मिनिमम' म्हणजे 'पुरेसं' असं समजणं. मिनिमम म्हणजे एवढ्यावर सॉफ्टवेअर सुरू होईल. ते सुरू असताना तुम्ही बाजूला व्हॉट्सॲप वेब, पंधरा टॅब आणि स्कॅनर चालवणार आहात, हे त्या कंपनीला कुठे माहीत आहे? एसटीत उभं राहून पनवेलहून पुण्याला जाता येतं. पण रोज जायचं असेल तर सीटचा विचार करावा लागतो.

दुसरी चूक उलटी आहे. काही जण सगळे आकडे जोडत सुटतात. विंडोजचे ४, टॅलीचे ४, फोटोशॉपचे ८, झाले १६. हेही बरोबर नाही. फोटोशॉपची कंपनी ८ म्हणते तेव्हा ती पूर्ण कॉम्प्युटरबद्दल बोलत असते, त्यात विंडोज आलंच. टॅलीचे ४ म्हणजेही विंडोज धरून. जोडलं की विंडोज तीनदा मोजलं जातं.

मग खरं उत्तर कुठे मिळतं? तुमच्याच स्क्रीनवर.

गर्दीचा तास कसा मोजायचा

हॉटेलवाला टेबलं किती ठेवतो? दुपारी चार वाजताची गिऱ्हाइकं मोजून नाही, तर रविवारी रात्री साडेआठची मोजून. रॅमचंही तसंच. दिवसभरातला जो सगळ्यात धावपळीचा तास, त्या वेळी तुमच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी काय काय उघडं असतं त्याची यादी करा. आणि खरंच तसं सगळं उघडा. रिकाम्या फाइल नकोत, रोजच्या कामाच्या खऱ्या फाइल उघडा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'प्रोसेसेस'मध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर किती मेमरी खातं ते दिसतं. 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी'वर क्लिक केलं की एकूण चित्र दिसतं.

माझ्या दुकानातले एका सोमवारचे आकडे देते. तुमचे वेगळे येतील, पद्धत बघा.

विंडोज ११, अँटिव्हायरस आणि मागे चालणारी कामं: ३.४ जीबी
क्रोम, १२ टॅब: २.१ जीबी
टॅली: ०.३ जीबी
फोटोशॉप, दोन फाइल: २.६ जीबी
व्हॉट्सॲप: ०.५ जीबी
प्रिंटर आणि स्कॅनर: ०.३ जीबी
बेरीज: ९.२ जीबी

यावर पाव हिस्सा जास्त धरा. धंदा वाढतो, सॉफ्टवेअरचे अपडेट येतात, टॅब वाढतात. ९.२ चे सव्वापट ११.५. बाजारात ११.५ मिळत नाही. ८ कमी पडणार, त्याच्या पुढचा नेहमीचा आकडा १६. झाला निर्णय. यात "चांगला कोणता" हा प्रश्न आलाच नाही.

मोजताना एक फसगत होते, ती सांगून ठेवते. 'इन यूज' हा आकडा तुमच्या रॅमच्या वर कधी जाऊच शकत नाही. गादीच ८ जीबीची, तर तिच्यावर ९ जीबीचा माल कसा दिसेल? म्हणून शेजारचा 'कमिटेड' आकडा बघा. तिथे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरनी मिळून जेवढी मेमरी राखून ठेवली आहे ती. राखलेली सगळी वापरात असतेच असं नाही, पण हा आकडा तुमच्या रॅमपेक्षा सतत बराच मोठा असेल आणि कामही अडत असेल, तर गादी कमी पडते आहे.

आणि उलट, काहीच उघडलेलं नसताना ४०-५० टक्के मेमरी भरलेली दिसली तर घाबरू नका. ८ जीबीच्या मशीनवर विंडोज, अँटिव्हायरस आणि मागे चालणारी कामंच एवढी जागा घेतात. काम पूर्ण जोरात असताना ८० टक्क्यांच्या आत राहिलं तर निवांत राहा.

अजून दुकानच सुरू झालेलं नाही, मोजायचं कशावर? ज्या धंद्यात पडणार आहात त्याच धंद्यातल्या ओळखीच्या माणसाकडे गर्दीच्या वेळी जाऊन बसा. चहा तुमचा, टास्क मॅनेजर त्याचा. पाच मिनिटांचं काम आहे.

धंद्याप्रमाणे ढोबळ अंदाज

मोजणं शक्यच नसेल तर सुरुवातीला हे धरून चाला.

किराणा, मेडिकल, हार्डवेअरचं बिलिंग, टॅली, जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सॲप: ८ जीबी. एसएसडी मात्र पाहिजेच.

ऑनलाइन फॉर्म, सातबारा, दाखले, सोबत फोटोचं काम: टॅब खूप उघडतात आणि फोटोशॉप असतंच. १६ जीबी.

डीटीपी, पत्रिका, फ्लेक्स: १६ जीबी, आणि पुढे वाढवायला एक स्लॉट रिकामा.

आर्किटेक्ट, इंटिरिअर, ऑटोकॅडवाली ऑफिसं: साध्या टू-डी प्लॅनला १६ जीबी. थ्री-डी आणि रेंडरिंग असेल तर ३२ जीबी.

कळंबोलीकडे ट्रान्सपोर्टचं ऑफिस: ई-वे बिल, एक्सेल, जीपीएस ट्रॅकिंगची खिडकी दिवसभर उघडी. ८ जीबीत चालतं, गाड्या वाढल्या की १६.

लग्नाचे व्हिडिओ आणि रील एडिट करणारे: साध्या एचडीला १६, फोर-केला ३२ जीबी.

फ्लेक्सवाल्यांसाठी खास

एक नवीन फ्लेक्सवाला मला म्हणाला, "ताई, १६ जीबी आहे तरी वाढदिवसाचा बॅनर उघडला की मशीन झोपतं. अजून १६ टाकू का?" मी म्हटलं, थांब, आधी फाइल दाखव.

दहा फूट बाय आठ फुटांचा बॅनर त्याने ३०० डीपीआयवर बनवला होता. चला, हिशेब करू.

दहा फूट म्हणजे १२० इंच, आठ फूट म्हणजे ९६ इंच. ३०० डीपीआय म्हणजे प्रत्येक इंचात ३०० ठिपके. १२० गुणिले ३०० झाले ३६,०००. ९६ गुणिले ३०० झाले २८,८००. दोन्हींचा गुणाकार १०३ कोटी ६८ लाख ठिपके. सीएमवायके रंगात प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. म्हणजे साधारण ४ जीबी, आणि तेही एका लेअरचे! त्यावर नेत्यांचे फोटो, शुभेच्छुकांची रांग, मागे फटाके, असे दहा लेअर. १६ काय, ३२ जीबीही पुरणार नाही.

तोच बॅनर ७२ डीपीआयवर केला तर? ८,६४० गुणिले ६,९१२, साधारण ६ कोटी ठिपके, म्हणजे २४ कोटी बाइट. पाव जीबीच्याही आत. फरक १७ पटींचा आहे. आणि रस्त्यावरून पंधरा-वीस फुटांवरून बघणाऱ्याला त्यात फरक कळत नाही. हातात धरून वाचायच्या पत्रिकेला ३०० डीपीआय पाहिजे, चौकातल्या बॅनरला नाही.

त्याने रॅम घेतली नाही. सेटिंग बदललं.

फाइल डिस्कवर छोटी दिसते म्हणून फसू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो जेपीईजीमध्ये आठ-दहा एमबीचा असतो, पण उघडला की प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरून ७२ एमबी जागा घेतो. घडी केलेली साडी आणि पसरलेली साडी, तोच फरक.

दोष नेहमी रॅमचाच नसतो

कॉम्प्युटर हळू झाला की लगेच "रॅम वाढव" सांगणारे खूप आहेत. टास्क मॅनेजरला विचारा.

मेमरी ५० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

सीपीयू १०० टक्क्यांवर असेल तर कोणतं सॉफ्टवेअर तो खातंय ते बघा. कधी अँटिव्हायरसचं स्कॅन असतं, कधी खरंच प्रोसेसर जुना झालेला असतो.

तिन्ही निवांत आहेत आणि तरी जीएसटीचं पोर्टल उघडत नाही? तारीख बघा. २० तारीख असेल तर सगळा महाराष्ट्र रिटर्न भरायला बसलेला आहे. तिथे तुमची ६४ जीबीही काही करणार नाही. उपाय एकच, १५ तारखेला भरा.

आणि पैसे घालायच्या आधी फुकटचे उपाय करा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन नको ती सॉफ्टवेअर बंद करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. ब्राउझरमधली न लागणारी एक्स्टेन्शन काढा.

आता घाई का करू नये आणि उशीरही का करू नये

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले. कारण पनवेलच्या बाजारात नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना खास प्रकारची मेमरी प्रचंड लागते आणि तिथे पैसा जास्त मिळतो, म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे गेला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' या नावाने साध्या ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करायचं जाहीर केलं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? पूर्वी "अंदाजे जास्तच घेऊ, स्वस्त तर आहे" चालून जायचं. आता अंदाज महाग पडतो. १६ ची गरज असताना ३२ घेतली तर ते पैसे पहिल्या तीन महिन्यांच्या खेळत्या भांडवलातून जातात. आणि ८ वर भागवलं तर माझ्यासारखी ऑर्डर जाते. म्हणून आज लागेल तेवढी घ्या आणि उद्या वाढवता येईल असं मशीन घ्या.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न

एक. रॅमचे स्लॉट किती आणि रिकामे किती? टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' समोर 'वन ऑफ टू' असं दिसलं तर एक रिकामा आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत.

दोन. डीडीआर ४ की डीडीआर ५? एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची पट्टीही वेगळी.

तीन. ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का? नसेल तर स्क्रीनवरच्या चित्रासाठी रॅममधलाच थोडा हिस्सा जातो. ८ लिहिलेलं असतं, हाताला थोडी कमी येते.

चार. विंडोज ६४-बिट आहे का? जुन्या मशीनवर हा घोळ अजून भेटतो. ३२-बिटचं विंडोज २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटच्या पुढे पत्ते मोजू शकत नाही. तेच ४ जीबी. तुम्ही ८ ची पट्टी टाकाल, पैसे द्याल, आणि विंडोज म्हणेल, वापरता येण्याजोगी सव्वातीन!

पाच. सेकंडहॅण्ड असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालेल का? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी मुंबईतल्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात, चांगलेही असतात. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा बघा. रॅम नंतर वाढवता येते, प्रोसेसरची पिढी नाही.

आणि कर्जाची फाइल करणाऱ्यांसाठी एक शेवटचं. पीएमईजीपी असो, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असो, प्रोजेक्ट रिपोर्टला जोडायच्या कोटेशनमध्ये नुसतं 'कॉम्प्युटर सेट, एक नग' असं लिहून घेऊ नका. प्रोसेसर कोणता, रॅम किती जीबी आणि कोणत्या प्रकारची, रिकामे स्लॉट किती, एसएसडी किती, हे सगळं लिहून घ्या. माल घरी आल्यावर टास्क मॅनेजर उघडून कोटेशनशी ताडून बघा. फरक निघाला तर बोलायला हातात कागद पाहिजे.

आजचा गृहपाठ

आज-उद्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असेल तेव्हा, किंवा गिऱ्हाईक गेल्या गेल्या काहीही बंद न करता, ती तीन बटणं दाबा. 'इन यूज' आणि 'कमिटेड' हे दोन आकडे वहीत लिहा. असं तीन दिवस करा. त्यातला सगळ्यात मोठा 'कमिटेड' आकडा घ्या, सव्वापट करा आणि बाजारात मिळणाऱ्या पुढच्या आकड्यावर या. 'कमिटेड'मध्ये राखून ठेवलेलंही धरलेलं असतं, त्यामुळे हा हिशेब थोडा सैल येतो. म्हणून काम अडकत नसेल आणि 'इन यूज' ८० टक्क्यांच्या आत असेल तर एक रुपयाही घालू नका.

आणि हो, दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस. ही सवय फुकट आहे. मला ती ४०० पत्रिकांना पडली.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, आधी मोजा, मग घ्या!